समदृष्टीचं इंजिन

टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! हे वाक्य मी आजवर चार हजार वेळा तरी म्हटलं असेल, आणि त्यातल्या तीन हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा ते खरंही ठरलं आहे. उरलेल्या एका वेळेची ही हकीकत. ज्यांना घाई आहे त्यांना शेवट आत्ताच सांगून टाकतो: मी तोंडावर पडलो. ज्यांना सवड आहे त्यांनी बसावं, कारण मी नुसता पडलो नाही, सविस्तर पडलो.

बत्तीस वर्षं माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जुन्या स्कूटर, फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लाकडं कापायच्या करवती, एकदा तर होडीचं इंजिनसुद्धा. सगळं टू-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकवाला आला की त्याला मी पुढच्या चौकातलं दुकान दाखवतो. त्या इंजिनात झडपा, दांडे, साखळ्या, नुसता सरकारी कारभार. एकाची सही झाल्याशिवाय दुसरा दार उघडत नाही. टू-स्ट्रोक म्हणजे एकखांबी तंबू. पिस्टन वर-खाली होतो आणि येता-जाता तोच भोकं उघडतो, तोच झाकतो. तेल वेगळं नाही, पेट्रोलमध्येच मिसळून पाजायचं. पटकन रुसतं, पटकन हसतं, आणि मनात काही ठेवत नाही. जे काय असेल ते धुराच्या नळीतून बाहेर.

तर, माझी थोरली बहीण विमान चालवते.

हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या बायकोकडे बघतात, की हा बरा आहे ना. म्हणून नीट सांगतो. ताईने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. भावोजी त्याच शाळेत सुतारकामाचे मास्तर. या मास्तरांनी एके दिवशी घरामागे दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. नळ्या, कापड, तारा, आणि नाकावर पंखा फिरवायला एक टू-स्ट्रोक इंजिन. सगळी गल्ली म्हणायची, मास्तर खाट विणतायत. अकराव्या वर्षी ती खाट उडाली. उडवली ताईने, कारण भावोजींना उंचीची भीती वाटते असं त्यांना दहाव्या वर्षी कळलं. पुढे ती भीती गेली, ताईच्या शेजारी बसून बसून. ताईचं म्हणणं एवढंच, "बस काय नि विमान काय, उतारू गप्प बसले की झालं."

गेल्या दोन वर्षांत भावोजींची नजर गेली. अगदी काळोख नाही, पण उजेड कुठे आहे आणि त्यात काही हलतंय का, यापलीकडे काही कळत नाही. त्यांनी ताईजवळ एकच हट्ट धरला. "मला एकदा वर ने. दिसायचं काहीच नाही, पण जमिनीवर असलो की इंजिनाचा आवाज आपटून परत अंगावर येतो. वर गेलं की तो परत येत नाही, नुसता निघून जातो. मला ते पुन्हा ऐकायचंय."

आता यात अडचण काय? तर परवानगी. दरवर्षी तपासनीस येतात, इंजिन चालवून बघतात आणि सही करतात. त्या वर्षी आमचं विमान दोनदा नापास झालं होतं. पहिल्या खेपेला प्लगवर काजळी धरली आणि चौथ्या मिनिटाला इंजिन बसलं. दुसऱ्या खेपेला ताईने चालू करायची दोरी ओढली आणि इंजिनाने असा उलटा हिसका दिला की तिचा खांदा धरला. पंधरा दिवस तिला वेणी घालता येईना. तिसऱ्यांदा नापास म्हणजे परवानगी कायमची रद्द, उड्डाण क्लबची शेड रिकामी करायची, आणि खाट सुटी करून भंगारात.

तपासनीस साहेब उंच, किडकिडीत, आणि शब्द असे देणारे की जणू घरून आणलेले संपत आले आहेत. जाताना त्यांनी ताईला सांगितलं होतं, "टू-स्ट्रोकवर माझा विश्वास नाही. ते बंद पडायच्या आधी सांगत नाही. तीन आठवड्यांनी, रविवारी, दहा मिनिटं, निम्म्याच्या वर गॅस ठेवून, एकदाही न थांबता चालवून दाखवा. थांबलं की विषय संपला."

तोवर इंजिनाला क्लबचा मेकॅनिक हात लावत होता. मी मनातल्या मनात जळत होतो. अखेर ताई दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "धाकट्या, बघतोस का?"

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. माझ्या जावयासमोरसुद्धा ती मला धाकट्याच म्हणते.

"ताई, टू-स्ट्रोक म्हणजे माझ्या डाव्या हाताचा..."

"मळ. ठाऊक आहे. पण हे विमान आहे. स्कूटर बंद पडली तर माणूस पाय टेकतो."

"इंजिनाला काय ठाऊक, आपल्याला कशावर बसवलंय ते?"

"त्याला नसेल. तुला असायला पाहिजे."

मी सोमवारी कामाला लागलो. प्लग नवा, कार्ब्युरेटर खोलून धुतला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, तेलाचं माप औषधासारखं डोळ्यासमोर धरून मिसळलं. बुधवारपर्यंत काजळीचा प्रश्न मिटला. राहिला तो हिसका. ताईचा खांदा अजून दुखत होता, आणि दोरी तर तिलाच ओढायची, कारण ती विमानाच्या आत, चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते. हिसका घालवायचा कसा? मी दोन दिवस विचार केला. काही सुचेना.

गुरुवारी संध्याकाळी कीर्तन होतं. मी कीर्तन चुकवत नाही. दुकानाला टाळं लावीन, जेवण टाळीन, पण बुवांचं निरूपण सोडणार नाही. त्या दिवशी बुवा अगदी रंगात आले होते. टाळ थांबले, पेटीवाल्याने हात सैल सोडला, आणि बुवा म्हणाले, "माणूस चढत असतो. शिखर अजून यायचं असतं. आणि तेवढ्यात हा पेटतो! मानाने पेटतो, रागाने पेटतो. मग काय होतं? आला तसा गडगडत खाली. म्हणून सांगतो बाबांनो, आधी पोचा. पोचल्यावर पेटा."

सगळे माना डोलवत होते. मी उभा राहिलो.

आमच्या हिने माझा सदरा ओढला. "अहो, बसा. अजून संपलं नाही."

"माझं संपलं," मी म्हणालो. "मला सापडलं."

काय सापडलं ते ऐका. पिस्टन वर चढत असतो, आणि तो अगदी टोकाला पोचायच्या किंचित आधी प्लगची ठिणगी पडते. जोरात ओढलं तर पिस्टन त्या धक्क्यालाही न जुमानता टोक ओलांडतो. पण हात हळू पडला तर ठिणगी त्याला चढावरच गाठते आणि मागे ढकलते. तोच तो हिसका! पिस्टन शिखराच्या आधीच पेटत होता. बुवांनी इंजिन न बघता नेमकं दुखणं सांगितलं होतं. याला म्हणतात अधिकार.

शुक्रवारी मी इंजिनाचं झाकण काढलं, ठिणगीची वेळ ठरवणारी गोल पट्टी असते तिचे दोन स्क्रू सैल केले, आणि पट्टी अशी फिरवली की ठिणगी बरोबर टोकावर पडावी. आधी पोचा, मग पेटा. पट्टीवर कोणीतरी एक रेघ ओरखडलेली होती. म्हटलं, कोणाच्या तरी स्क्रू-ड्रायव्हरचा हात सुटला असेल. मग मी स्वतः दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन सुरू, आणि हिसका तर सोडाच, साधी कुरकुर नाही. मेंढरासारखं मऊ. मी मनोमन बुवांना नमस्कार केला आणि हात धुतले. खरं तर त्याच वेळी मी विमानावरही पाणी सोडलं होतं, पण ते रविवारी कळायचं होतं.

रविवारी सकाळी आठला सगळे जमलो. विमान शेडकडे पाठ करून उभं होतं, नाक मैदानाकडे. शेडच्या दारात भावोजी खुर्ची टाकून बसले, कारण त्यांना आवाज मागून ऐकायला आवडतो. शेजारी आमची ही, पाण्याची बाटली घेऊन. थोडं बाजूला तपासनीस साहेबांचं घडीचं टेबल, त्यावर कागद, कागदांवर दगड. पंख्यापुढे कोणी उभं राहायचं नाही हा नियम, म्हणून आम्ही सगळे मागे.

मी विमानाच्या तिन्ही चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले. साहेब म्हणाले, "मागे?"

"मागे काय?"

"ठोकळे. मागच्या बाजूने."

"साहेब," मी हसलो, "विमानाला रिव्हर्स गिअर नसतो."

मी एकटाच हसलो. पुढे कितीतरी दिवस मला हे वाक्य झोपेत ऐकू येत असे.

ताई आत चढली, पट्टा बांधला. मी म्हणालो, "ताई, अगदी हलक्या हाताने ओढ. आता ते तुला काही करणार नाही." तिने दोरी ओढली. निम्म्यात खांद्यात कळ आली असावी, हात अडखळला. इंजिन 'फुट्' म्हणालं, क्षणभर विचारात पडलं, आणि सुरू झालं. तोच मऊ आवाज. साहेबांनी घड्याळाचं बटण दाबलं.

मी कृतार्थ झालो. हिच्याकडे बघून भुवया उडवल्या.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. एरवी विमान सुरू झालं की मागे उभ्या असलेल्यांच्या तोंडावर वाऱ्याचा लोट येतो, टोप्या उडतात. आज साहेबांच्या टेबलावरचा कागद हलेना. उलट विमानाच्या नाकापुढचं गवत आडवं झालं होतं.

"बघितलंत?" मी साहेबांना म्हणालो. "वारासुद्धा अंगावर येत नाही. इतकं सोज्वळ इंजिन मी पाहिलं नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, आणि ते एक पाऊल मागे सरले. त्या माणसाला माझ्यापेक्षा अर्धं मिनिट आधी कळलं, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

"गॅस वाढव!" मी ताईला खूण केली. निम्म्याच्या वर ठेवायची अट होती ना. ताईने गॅस दिला, आणि विमान निघालं. पुढे ठोकळे होते. म्हणून ते आमच्याकडे निघालं.

खुर्चीतून भावोजी म्हणाले, "वा. काय गोड चाललंय."

मी पुढच्या ठोकळ्यांकडे बघत होतो.

"पण जवळ आल्यासारखं का वाटतंय?"

आमच्या हिने बाटली टाकली, भावोजींच्या खुर्चीची पाठ धरली आणि खुर्चीसकट त्यांना बाजूला ओढायला लागली. "अगं, कुठे नेतेस मला?"

"सावलीत."

"सकाळी आठला?"

विमानाची शेपटी, जिथे भावोजींचे गुडघे होते, तिथून शांतपणे पुढे गेली. म्हणजे मागे गेली. दिशांचं काय म्हणायचं ते मला त्या दिवसापासून समजेनासं झालंय.

आता तुम्हाला वाटेल, इंजिन उलटं फिरतं कसं? फोर-स्ट्रोक असतं तर फिरलंच नसतं. झडपांच्या त्या सरकारी कारभाराने उलटी फाइल घेतलीच नसती. पण टू-स्ट्रोकला आत जाणारं दार आणि बाहेर जाणारं दार पिस्टनच उघडतो. तो इकडून आला काय, तिकडून आला काय, दारं उघडतातच. फक्त ठिणगी टोकाच्या आधी पडते, म्हणून ते एरवी एकाच बाजूला नीट चालतं. आणि ती ठिणगी मी अगदी टोकावर आणून ठेवली होती. आता त्याला सुलटं आणि उलटं दोन्ही सारखंच. ताईचा हात अडखळला, पिस्टन टोकाशी घुटमळला, पेटला, आणि सोपी वाट दिसली तिकडे फिरला. बुवा नेहमी सांगतात, संताला पुढचं आणि मागचं समान असतं. मी एका बिचाऱ्या इंजिनाला संतपदाला पोचवलं होतं. विमानात बसवायला संत चालत नाही, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"बंद करा!" साहेब ओरडले.

ताईने कानाला हात लावला. म्हणजे, काय म्हणतात ते ऐकू येत नाही.

माझ्या डोळ्यासमोर तिसरी खेप, रिकामी शेड आणि खुर्चीतले भावोजी एकदम उभे राहिले. थांबलं की विषय संपला. मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. पण त्या क्षणी दोन्ही हातांचं भोंगं केलं आणि ओरडलो, "साहेब म्हणतात, चालू ठेव!"

साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी मेल्यावर चित्रगुप्ताकडूनच अपेक्षिली होती.

आणि मग ताईने काय करावं? तिने मान वळवली, डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकला, मागे बघितलं, आणि विमान वळवलं. एकतीस वर्षं ती बस तिने शाळेच्या अरुंद फाटकातून उलटी आत घातली होती, आत साठ पोरं बोंबलत असताना. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. जुनी ओळख पटल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा झाला होता.

शेपटी शेडच्या खांबाकडे निघाली. माझ्यातला कोणीतरी जागा झाला. मी धावत मागे गेलो, पंख्यापासून लांब, आणि विमानाच्या कापडावर थाप मारून ओरडलो, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मार, बस्स!"

ताईने डावीकडे मारलं. खांब वाचला. टेबल नाही वाचलं. साहेबांनी कागद उचलले होते, पण नियमांचं जाडं पुस्तक राहिलं, आणि त्यावरून मागचं चाक अलगद गेलं.

"तीन मिनिटं," ही म्हणाली. साहेबांचं घड्याळ तिच्या हातात कसं आलं, देव जाणे. साहेब पळताना त्यांच्या हातातून पडलं असणार.

गॅस कमी करून जागच्या जागी उभं राहावं म्हणावं तर इंजिन लगेच खोकायला लागे, मरायला टेके. वाढवलं की चालू लागे. ब्रेक होता, पण तो मुंगी अडवण्यापुरता. त्यामुळे आमची वरात निघाली. मैदानाच्या कडेकडेने विमान उलटं, त्यामागे, म्हणजे शेपटीपुढे, मी "येऊ द्या" करत उलटा धावणारा, आणि माझ्या पलीकडे साहेब सरळ धावणारे. साहेब डावीकडे वळले की ताईलाही नेमकं डावीकडेच वळावं लागे. तिला शेडची भिंत चुकवायची होती, पण साहेबांना ते कसं कळावं? त्यांना वाटलं, बाई वचपा काढते आहे.

"यांना सांगा, माझ्या मागे येऊ नका!" ते मला म्हणाले.

"साहेब, ती पुढे बघत नाहीये."

"मला तेच म्हणायचंय!"

"सात मिनिटं," हिने हाक दिली.

तेवढ्यात ताई ओरडली, "धाकट्या, काटा लाल रेषेला टेकतोय."

उलट्या दिशेने चाललेलं, उशिरा पेटणारं इंजिन तापणारच. आणि तापलेलं टू-स्ट्रोक म्हणजे पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये रुतून बसणार. कायमचं. मग सही राहिली बाजूला, इंजिनही गेलं. चालू ठेवावं तर जळतं, थांबवावं तर रद्द होतं. मी भावोजींच्या खुर्चीकडे धावलो. का, ते मलाही कळलं नाही. लहानपणी काही मोडलं की माणूस जसा धावतो तसा.

भावोजी मान तिरकी करून ऐकत होते. "धाकटेराव, हे उलटं चाललंय ना?"

"हो," मी म्हणालो.

"आणि ठोका उशिरा पडतोय. टायमिंगला हात लावला कोणी?"

मी हात सदऱ्याला पुसले.

"बरं, ते नंतर. तापलंय का?"

"लाल रेषेला आहे. बंद करायला सांगू?"

त्यांनी पुन्हा ऐकलं. चेहरा अगदी शांत. "अजून खणखणत नाहीये. रुतायच्या आधी ते पातळ वाजतं, भांड्यासारखं. आत्ता भरीव वाजतंय. दोन मिनिटं देईल. मी ओळखतो त्याला. तिला म्हणावं, गॅस निम्म्याच्या जरासाच वर ठेव, आणि पेट्रोलची तोटी उघड-मीट करू नकोस."

मी धावत जाऊन सांगितलं. ताईने गॅस बोटभर कमी केला. काटा लाल रेषेवर तसाच बसून राहिला, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पोर दारात बसतं तसा.

"नऊ!" ही ओरडली.

फाटकाजवळ साहेबांची गाडी उभी होती, आणि तिच्या शेजारी पाण्याची टाकी. दोघांच्या मध्ये जेमतेम जागा. साहेब धापा टाकत गाडीत शिरले आणि त्यांनी काच वर केली. ताईने मागे पाहिलं. मला तिचा चेहरा दिसला, आणि मी म्हणालो, "नको. ताई, नको."

तिने घेतलं. पंख वर होते, त्यातला एक साहेबांच्या गाडीच्या टपावरून वीतभर उंचीने गेला, दुसरा टाकीच्या अंगावरून. मी सवयीने थापा मारत होतो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

"दहा!" ही म्हणाली.

"बस्स," मी म्हणालो.

ताईने बटण बंद केलं. विमान साहेबांच्या गाडीला समांतर, सरळ रेषेत, असं उभं राहिलं की जणू ती जागा त्याच्यासाठीच आखलेली होती. पंख्याची पाती शेवटपर्यंत उलटी फिरत थांबली. ताईने पट्टा सोडला आणि सवयीने म्हणाली, "उतरताना सावकाश."

मग गाडीची काच खाली आली. साहेबांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "टायमिंग कोणी बदललं?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "बुवांनी."

"हे बुवा कोण? त्यांच्याकडे मेकॅनिकचा परवाना आहे?"

मग मला सगळं सांगावं लागलं. शिखर, गडगडणं, आधी पोचा, पोचल्यावर पेटा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या बुवांचं चूक नाही," ते म्हणाले. "पण पेट्रोल पेटलं म्हणजे लगेच सगळं पेटत नाही. ज्वाळा पसरायला वेळ लागतो. पिस्टन टोकाला पोचेपर्यंत तीही पोचायला हवी, म्हणून तिला थोडं आधी सोडतात."

"म्हणजे दोघांनी बरोबर पोचायचं," ताई म्हणाली.

"हं."

"आणि तिसऱ्या खेपेचं काय?" हे विचारताना ताईचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. विमान उलटं घेताना जी थरथरली नव्हती, ती आता गाडीच्या दाराला धरून उभी होती.

साहेबांनी चाकाखालून काढलेलं पुस्तक उघडलं. पानांवर टायरची नक्षी उमटली होती. त्यांनी नियम दोनदा वाचला. "दहा मिनिटं, निम्म्याच्या वर गॅस, न थांबता," ते म्हणाले. "कोणत्या दिशेने ते लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं, असं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं." मग पुस्तक मिटून म्हणाले, "खेप मोजत नाही. टायमिंग होतं तिथे आणा. इंजिन निवलं की माझ्यासमोर पुन्हा दहा मिनिटं. सुलटं."

होतं तिथे! कुठे होतं? मी काही खूण केली नव्हती. माझा चेहरा पांढरा पडलेला असणार, कारण ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "धाकट्या..."

"मला हाताला धरून न्या," भावोजी म्हणाले.

झाकण काढलं. भावोजींनी आत हात घातला, पट्टीवरून अंगठ्याचं नख फिरवलं, आणि ते एका जागी थांबलं. ती रेघ. कोणाचा स्क्रू-ड्रायव्हर सुटला नव्हता. विमान बांधायला घेतल्याच्या नवव्या वर्षी, डोळे चांगले असताना, त्यांनी ती छिन्नीने मारली होती. "ही रेघ खालच्या खाचेला लागली की झालं," ते म्हणाले, "नखाला कळतं." त्यांनी पट्टी फिरवली, मी स्क्रू आवळले. त्या दिवशी इंजिनाचं मी केलेलं एवढंच एक काम बरोबर होतं.

"आणि खांदा?" मी विचारलं.

"दोरी मी ओढतो की. मी शेजारीच बसणार आहे."

तासाभराने, पुढे तीन आणि मागे तीन ठोकळे लावून, भावोजींनी दोरी ओढली. वाऱ्याचा लोट सरळ माझ्या तोंडावर आला आणि टोपी उडाली. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. दहा मिनिटं इंजिन भरीव वाजलं. साहेबांनी सही केली, शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या आणि कागद ताईच्या हातात दिला. ताईने मोठ्याने वाचलं: "इंजिन भरवशाचं आहे. मेकॅनिकला पुढून व मागून ठोकळे लावावेत."

मग ती दोघं उडाली. मी सहा ठोकळे पोटाशी धरून खाली उभा. विमान टाकीवरून गेलं, झाडांवरून गेलं, आणि आवाज लहान होत गेला. उतरल्यावर मी भावोजींना विचारलं, "आलं का ऐकू?"

"निघून गेला," ते म्हणाले. "एकदाही परत आला नाही." एवढं बोलून ते कितीतरी वेळ खुर्चीत नुसते बसले होते, आणि ताई त्यांच्या चष्म्याची काच पुसत होती. तो चष्मा ते आता कशाला लावतात, असं मी कधी विचारलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी बुवांना गाठून सगळं सांगितलं. बुवा पोट धरून हसले. "अहो, ते मी माणसांसाठी सांगितलं होतं," म्हणाले. मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय! त्याच संध्याकाळी निरूपणात त्यांनी दृष्टांत घेतला, "एक सज्जन होते. त्यांनी काय केलं, अर्धं कीर्तन ऐकलं आणि उठले..." सगळी मंडळी हसून लोटपोट. मीसुद्धा सगळ्यांत मोठ्याने हसलो, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. तेवढ्यात पलीकडच्या रांगेतून आमच्या हिने माझ्याकडे सरळ बोट दाखवलं.

टाळ थांबले. बुवा हसून म्हणाले, "या, लाजू नका. पुढे या."

मी उठलो. शंभर माणसं बघत होती. आणि काय सांगू, मी दोन पावलं मागे गेलो.